भोरघाटाचे कंत्राट

मार्गबांधणीच्या इतिहासात अभियंत्यांचे कौशल्य वर्णिले जाते, कंत्राटाचा कारभार मात्र उपेक्षित राहतो. भोरघाटातील लोहमार्गाचे काम कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल याने १८५६ मध्ये सुरू केले. पोटकंत्राटदारांकडून मजुरी थकू लागली. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा दंगा उसळला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्यानंतरचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट न सोडता कारभार अनुभवी अभियंत्यांवर सोपविला. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. दरम्यान, १८६० च्या कायद्याने रेल्वे, कालवे आदी सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे त्वरित मिटविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांस दिला. तात्पर्य, कंत्राटदाराची कार्यक्षमता मजुराच्या हाती वेळेवर पडणाऱ्या दामावरही अवलंबून असते.