विषाणूची आतली वाट

फेब्रुवारी १९५४. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात, जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. त्यांचे तरुण सहकारी थॉमस पीबल्स साउथबरोच्या फे स्कूलमधून परतलेत. तिथे गोवराची साथ आहे. आजारी मुलांचं रक्त आणि घसा धुतलेलं पाणी त्यांनी आणलंय. काचनळ्यांत वाढणाऱ्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर ते पडतं. आता वाट पाहायची.

काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पेशींमधल्या सीमा पुसल्या गेल्यात. एकाच अवाढव्य, पसरट पेशीत कितीतरी केंद्रकं दाटीने बसलीत. विषाणूने शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून टाकल्यात! कशाला धरून, ते या खोलीत कुणालाच ठाऊक नाही. श्वासमार्गातल्या पेशींपुरतं त्याचं उत्तर २०११ साली मिळणार आहे.

तेव्हा २०११ ओलांडा, आणि इतके लहान व्हा की श्वासनलिकेच्या अस्तरात शिरता येईल. विषाणू हवेतून शरीरात आला खरा, पण अस्तराच्या वरच्या बाजूने तो इथे शिरलेला नाही. आधी त्याने संरक्षक पांढऱ्या पेशी गाठल्या, त्यांच्यातून शरीरभर फिरला आणि आता अस्तराच्या खालून येतोय. इथे प्रत्येक पेशी शेजारणीला प्रथिनांनी घट्ट बांधलेली आहे. त्यांतलंच एक नेक्टिन-४. विषाणू नेमकं तेच धरतो. त्याचं एच प्रथिन नेक्टिनला चिकटतं, एफ प्रथिन दोन पेशीपटलं एकजीव करतं. सांध्यापाशी छिद्र पडतं आणि विषाणूचा जनुकीय ऐवज या पेशीतून थेट त्या पेशीत सरकतो. बाहेर मोकळा कण सोडायची गरजच नाही. ज्या बंधामुळे अस्तर अभेद्य, तोच बंध त्याची वाट व्हावा, याइतकी थक्क करणारी चाल मी दुसऱ्या विषाणूत क्वचितच वाचली आहे.

मग नवे कण अस्तराच्या वरच्या बाजूने सुटतात. खोकल्यासरशी हवेत.

बॉस्टनच्या त्या नळ्यांतल्या विषाणूचा वंश आज पुण्यात आहे. सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस एडमन्स्टन-झाग्रेब वाणाची, म्हणजे त्याच १९५४च्या विषाणूला दुबळं करून घडवलेली. विषाणू सांध्यापर्यंत पोचण्याआधीच त्याला अडवणारी प्रतिकारशक्ती ती तयार ठेवते. आपल्याकडे पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळतो. घरातल्या बाळाचं लसीकरण कार्ड आजच काढून बघा. दुसरा डोस राहिला असेल, तर याच आठवड्यात देऊन आणा.