हॅरिएट (चित्रपट)

हॅरिएट हा २०१९ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चरित्रपट आहे. गुलामगिरीतून निसटून पुढे इतर अनेकांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन केसी लेमन्स यांचे असून पटकथा त्यांनी ग्रेगरी ॲलन हॉवर्ड यांच्यासह लिहिली. शीर्षक भूमिका सिंथिया एरिवो यांनी साकारली.

कथानक

कथा १८४९ मध्ये मेरीलँड राज्यातील एका मळ्यावर सुरू होते. मालकाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा गिडियन (जो ॲल्विन) मिंटी या गुलाम तरुणीला विकावयास काढतो. दक्षिणेकडे विक्री म्हणजे आप्तांची कायमची ताटातूट. आईला गाण्यातून निरोप देऊन मिंटी रात्री एकटीच निघते, पुलावर घेरली गेल्यावर नदीत उडी घेते आणि अखेर फिलाडेल्फियास पोहोचते. तेथे विल्यम स्टिल (लेस्ली ओडम ज्युनियर) तिची हकिगत नोंदवहीत उतरवून घेतात. हॅरिएट हे नाव ती येथेच धारण करते. वर्षभराने ती पतीला आणावयास परतते, तेव्हा त्याने दुसरा संसार थाटलेला असतो. मग ती इतरांना सोबत घेऊन येते. ‘भूमिगत रेल्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुप्त साखळीत ती सामील होते. या साखळीत रूळ वा गाड्या नव्हत्या. होती ती आसरा देणारी घरे आणि वाटाडे.

इतिहास आणि कल्पित

टबमन यांचे पलायन, पतीचा दुसरा विवाह आणि १८६३ ची कंबाही नदीवरील मोहीम या घटना खऱ्या आहेत. त्या मोहिमेत सातशेहून अधिक लोक मुक्त झाले. गिडियन, मेरी ब्युकॅनन (जनेल मोने) व कृष्णवर्णी गुलाम-शिकारी बिगर लाँग ही पात्रे मात्र कल्पित आहेत. प्रत्यक्षात विक्रीचा घाट मालकाची विधवा एलायझा ब्रोडेस हिने घातला होता. टबमन प्रथम दोन भावांसह पळाल्या. भाऊ कचरल्याने तिघेही परतले. तत्पूर्वी एलायझाने तिघांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. त्यानंतर टबमन पुन्हा एकट्या निघाल्या. गिडियनच्या वैयक्तिक सूडामुळे कथेला ताण लाभतो. पण माणसाला मालमत्ता ठरविणारा कायदा त्यामागे झाकला जातो.

लहानपणी दोन पौंडांचे वजन डोक्यास लागल्याने टबमन यांना अचानक झोपेचे झटके येत आणि दृष्टांत होत. चित्रपटात हे दृष्टांतच प्रत्येक संकटातून वाट दाखवितात. त्यामुळे टबमन यांचे नियोजन काहीसे दुर्लक्षित राहते. लांब रात्रींसाठी त्या हिवाळा निवडीत. शनिवारी रात्री निघत, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारपूर्वी छापली जात नसे. अशा सुमारे १३ फेऱ्यांत त्यांनी अदमासे ७० जणांना सोडविले. १८५० च्या कठोर कायद्यानंतर उत्तरेकडील राज्येही सुरक्षित न राहिल्याने त्यांना कॅनडापर्यंत जावे लागे.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

टोरंटो महोत्सवातील पहिल्या खेळानंतर १ नोव्हेंबर २०१९ रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. एरिवो यांच्या अभिनयाची प्रशंसा झाली. बिगर लाँग या पात्रावर मात्र टीका झाली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि मूळ गीत या दोन विभागांत चित्रपटास ऑस्कर नामांकने मिळाली. ‘स्टँड अप’ या गीताच्या सहलेखिकाही एरिवोच होत्या.