वेडापासून नैराश्यापर्यंत : एका शब्दबदलाचा इतिहास

मनोरुग्णांविषयीची कायद्याची भाषा भारतात फार मंद गतीने बदलली. १९१२ च्या कायद्याने अशा व्यक्तीस ‘लुनॅटिक’, म्हणजे वेडा, म्हटले. तो शब्द जाऊन ‘मानसिक आजारी व्यक्ती’ ही संज्ञा येण्यास १९८७ साल उजाडावे लागले. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा हक्क होय, हे मान्य करणारा कायदा तर २०१७ मध्ये संमत झाला.

लोकभाषा मात्र कायद्यासाठी थांबली नाही. आपल्याला नैराश्याने ग्रासले होते, असे अभिनेत्री दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. ‘डिप्रेशन’ हा दवाखान्यातला शब्द घरोघर पोचण्यास अशा कबुलीजबाबांचा हातभार लागला. येथे केवळ शब्द नव्हे, वाक्यरचनाही बदलते. ‘तो वेडा आहे’ या वाक्यात आजार हीच व्यक्तीची ओळख ठरते. ‘त्याला नैराश्य आले आहे’ यात व्यक्ती आणि आजार पृथक् राहतात.

हा बदल अपुरा असल्याचे लवकरच दिसले. १४ जून २०२० रोजी अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांचे मुंबईत निधन झाले, आणि त्यांच्या मनःस्थितीची चर्चा समाजमाध्यमांवर व दूरचित्रवाणीवर आरोपांच्या भाषेत होऊ लागली. आत्महत्येच्या वार्तांकनात संयम राखावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी प्रसारमाध्यमांस बजावले.

कीर्तिवंतांविषयीची अशी चर्चा अनामिक रुग्णही ऐकत असतात. आपली व्यथा उच्चारावी की गिळावी, हे ते त्यावरूनच ठरवितात.