पंडिता रमाबाई : पुण्याकडून कृपेकडे

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतराची चर्चा करताना आपले टीकाकार बहुधा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झालेल्या बाप्तिस्म्यापाशीच थांबतात. वस्तुतः खरा पेच तेथून पुढे सुरू होतो. पुराणपठण, तीर्थाटन व व्रते यांच्या द्वारे पुण्य जोडण्यात आईवडिलांचे आयुष्य वेचले गेले आणि अखेर दुष्काळाने त्यांचा घास घेतला, हे बाईंनी ऐन तारुण्यात पाहिले होते. पुण्याचा तो हिशेब केवळ धर्म बदलल्याने मिटला काय? १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या स्वतःच सांगतात की, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. त्यासाठी आणखी आठ वर्षे लागली. नीतिमत्त्व हे कमवावयाचे नसून कृपेने लाभावयाचे असते, ही पौलाची शिकवण त्यांना तेव्हा उमगली.

कृपेवर भिस्त ठेवणारा मनुष्य कर्माविषयी उदासीन होतो, असा आक्षेप आपल्याकडे (आणि युरोपातही) जुनाच आहे. बाईंच्या चरित्रात मात्र याच्या उलट घडलेले दिसते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. ‘सरस्वती’ म्हणून गौरविल्या गेलेल्या या विदुषीने तेथे संस्कृतप्रचुर शैली हेतुपुरस्सर टाकली, कारण तिचा वाचकवर्ग नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायांचा होता.