कुंडलिकेचा गाळ आणि समुद्राचा तळ

पावसाळ्यात पेणची भोगावती आणि रोह्याची कुंडलिका गढूळ होऊन वाहतात. हा गाळ शेवटी समुद्राला मिळतो. पण खोल समुद्राच्या तळावरची माती पाहून ती कोणत्या प्रदेशातून आली, हे आपल्याला सांगता येईल का? याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने अनेक महासागरांच्या तळाचे नमुने गोळा केले. जॉन मरे आणि रेनार यांनी १८९१ साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कुठे सूक्ष्म जीवांच्या चुनामय कवचांचा चिखल होता, तर अतिखोल भागात तांबडी माती. तिथे चुन्याची कवचे विरघळून जातात, म्हणून माती तेवढी उरते. मात्र तिचे कण इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील खनिजे ओळखता येत नव्हती.

१९३० च्या सुमारास क्ष-किरणांनी ही अडचण दूर केली. मातीचे कणही स्फटिकमय असतात आणि त्यांच्या थरांमधील अंतरावरून खनिज ओळखता येते, हे समजले. सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम भरपूर असते. तो झिजला की प्रामुख्याने स्मेक्टाइट हे फुगणारे खनिज तयार होते. सिंधू नदी मात्र हिमालयाकडून पोटॅशियमयुक्त इलाइट आणि क्लोराइट आणते. १९७० साली गोल्डबर्ग आणि ग्रिफिन यांनी उत्तर हिंदी महासागरातील गाळाच्या अभ्यासात दख्खनच्या स्मेक्टाइटचा माग काढला.

२०१५ साली अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यात, सुमारे ३६०० मीटर पाण्याखाली, आंतरराष्ट्रीय मोहिमेने तळ खोदला. अशा गाळाच्या थरांतील खनिजांचे प्रमाण पाहून पूर्वीच्या मान्सूनचा अंदाज बांधता येतो. अर्थात स्मेक्टाइट नर्मदा-तापीही आणतात; एखादा कण रोह्याचाच, असे म्हणता येत नाही.

शिवाय नद्यांचा बराचसा गाळ खाडीतच थांबतो. का, ते वर्गात पाहा. दोन ग्लासांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा. कोणते पाणी आधी निवळते, आणि का, हे मुलांनाच शोधू द्या.