काकांची टाळी

थोरले काका 'कंट्री प्रीचर'ची तबकडी लावायचे ती दुपारची जेवणं उरकल्यावर, पान जमवत. ध्वनिमुद्रण १९६९च्या ऑक्टोबरातलं, शिकागोतल्या एका चर्चमधलं. कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांचा जाझ चमू, आणि समोर नागरी हक्कांच्या सभेला जमलेली माणसं. काका तेव्हा तिथे इंजिनिअरिंग शिकत होते. "त्या टाळ्यांत एक माझी आहे," ते म्हणत. आत्या म्हणे, "काही नाही, तबकडी विकत घेतली आणि गोष्ट फुकट मिळाली."

सभा होती 'ऑपरेशन ब्रेडबास्केट'ची. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेची ही रोजीरोटीची आघाडी. शिकागोत ती तरुण जेसी जॅक्सन चालवत. (किंग १९५९ साली मुंबईत मणिभवनात उतरले होते. आजोबा हे अशा थाटात सांगत, की त्यांचा चहा यांनीच नेऊन दिला असावा.) वस्तीतल्या दुकानांना कृष्णवर्णीयांचे पैसे चालत, नोकरीला मात्र ती माणसं चालत नसत. मग बहिष्कार, निदर्शनं, शेवटी करार: नोकऱ्या द्या आणि आमच्या लोकांचा मालही फळीवर ठेवा. त्यात बॉक्सर जो लुई यांच्या नावाचं दूध होतं. काका त्याचं दही लावत आणि धोतराच्या फडक्यात बांधून रात्रभर खोलीतल्या नळाला टांगून ठेवत. चक्का आंबटच व्हायचा म्हणे, पण वेलदोडा आईने धाडलेला असे.

शनिवारी सकाळी सभा. प्रार्थना, बँड, भाषण. कुणा वर्गमित्राच्या मागून काका जात, असं मला आठवतं; आत्याच्या मते तो घरमालकाचा मुलगा होता.

तबकडीवर आधी जॅक्सन बोलतात, मग 'वॉक टॉल' सुरू होतं. पण काका थांबत ते शीर्षकाच्या रचनेपाशी. ती जॅक्सन यांना उद्देशून, आणि रचणारा जो झाविनुल हा व्हिएन्नाचा गोरा गडी! त्याच्या इलेक्ट्रिक पियानोवर सूर इतका खाली उतरतो की वाटतं, संपलं. कीर्तनकार बुवा आवाज अगदी बारीक करतात आणि मग एकदम गजर उठतो ना, तसा सगळा बँड उसळतो आणि लोक ओरडतात. तिथे काकांचा चुना लावता हात थांबलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

त्यांच्या टाळीबद्दल मी वाद घालत नाही. याच कॅननबॉल यांची गाजलेली 'मर्सी, मर्सी, मर्सी!' शिकागोच्या 'द क्लब'मध्ये मुद्रित झाली, असं वेष्टनावर छापलं होतं. प्रत्यक्षात ती हॉलिवूडच्या स्टुडिओत झाली. निमंत्रित पाहुणे बसवले आणि त्यांना दारू पाजली. बँडला हे चालतं, तर आमच्या काकांनीच काय घोडं मारलंय?

हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फुकट दारू? आम्हाला चर्चमध्ये साधा चहासुद्धा कुणी विचारला नाही."