उन्हात काम करताना त्वचेची काळजी कशी घ्याल?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणे, रोहयोची कामे, पावसाळ्यात धानाची रोवणी, वर्षभर तलावांवरची मासेमारी. गोंदिया जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांना ऊन टाळून जगता येत नाही. त्यामुळे "उन्हात जाऊ नका" एवढे सांगून भागत नाही. उन्हात जावेच लागणार, हे धरून त्वचा कशी जपायची, ते या लेखात पाहू.

ऊन त्वचेचे काय करते?

सूर्यापासून उष्णता आणि उजेड मिळतो, तसेच डोळ्यांना न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरणही येतात. त्यातील यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते. यूव्हीए किरण खोलवर जातात. त्यांनी त्वचा काळवंडते, सैल पडते आणि लवकर सुरकुतते. ते काचेतूनही आत येतात.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असते. त्यामुळे ती गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा भाजते आणि आपल्याकडे त्वचेचा कर्करोगही कमी आढळतो. पण हे संरक्षण पूर्ण नसते. सावळी त्वचा भाजली तर लाली फारशी दिसत नाही. आग होते, खाज सुटते आणि काही दिवसांनी साल निघते. काळे डाग मात्र महिनोन्‌महिने राहतात.

गरमी कमी म्हणजे किरण कमी, असे नाही

उन्हाळ्यात हवा सर्वात जास्त तापते ती दुपारी दोन ते चारच्या सुमारास. अतिनील किरण मात्र सूर्य डोक्यावर असताना सर्वात तीव्र असतात. गोंदियात ही वेळ बाराच्या आसपास येते. म्हणजे सकाळी अकराला हवा सहन होण्यासारखी वाटली, तरी त्वचेला मार बसतच असतो.

रोवणीचेही तसेच आहे. गोंदियात सूर्य मे अखेरीस बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या मध्यात पुन्हा येतो. तेव्हा आभाळ असते, हवा गार असते, पाय बांधीच्या पाण्यात असतात. त्यामुळे ऊन जाणवत नाही. पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच भाग खाली येतो. वाकून काम करताना मान, पाठीचा उघडा भाग आणि हात तासन्‌तास त्याच उन्हात राहतात.

यासाठी सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण सौम्य असतात. ती उंचीपेक्षा आखूड झाली की अंग झाकायला हवे. तेंदूपत्ता आणि मोहफुलांसाठी पहाटेच निघण्याची जुनी सवय त्वचेच्याही फायद्याची आहे. जी कामे शक्य आहेत ती दहाच्या आधी किंवा दुपारी तीननंतर करा.

कपडा आधी, क्रीम नंतर

- घट्ट विणीचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. साडीवर जुना शर्ट घालून कामाला जाण्याची बायकांची पद्धत अगदी योग्य आहे.
- कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसत असेल तर किरणही आत जातात. पातळ सुती कापड ओले झाल्यावर आणखी कमी अडवते.
- दुपट्टा किंवा शेला डोक्यासोबत मान, कान आणि गालांवरूनही घ्या. टोपी घेतली तर सगळीकडून रुंद काठाची घ्या.
- दुचाकीवर हातमोजे घाला.
- कपडे सुटसुटीत ठेवा, म्हणजे घाम वाळेल. त्वचा झाकताना उष्माघात ओढवून घेऊ नका. पाणी पीत राहा आणि मध्ये-मध्ये सावलीत बसा.

सनस्क्रीन कसे वापरावे?

सनस्क्रीन सगळ्या अंगाला लावण्याची गरज नाही. कपड्याने झाकला न जाणारा भाग, म्हणजे चेहरा, मान आणि हातांची पाठ, यांना लावा.

- एसपीएफ ३० पुरेसे आहे. ते यूव्हीबीचे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. जास्त आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. यूव्हीएपासूनही संरक्षण आहे का, ते वेष्टनावर पाहा.
- चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम लागते. त्याहून कमी लावले तर परिणामही कमी होतो.
- बाहेर पडण्याच्या पंधरा ते वीस मिनिटे आधी लावा. दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा.
- सहा महिन्यांखालील बाळाला क्रीम लावू नका. त्याला सावलीत ठेवा.

खोबरेल तेल किंवा हळद सनस्क्रीनचे काम करत नाही. लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात.

प्रत्येक डाग उन्हाचा नसतो

"उन्हाने झाले असेल" असे म्हणून पुढील आजार अंगावर काढले जातात:

- कुष्ठरोग: पूर्व विदर्भात याचे रुग्ण आजही आढळतात. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, गरम-गार कमी कळत असेल तर लगेच तपासणी करा. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत आणि वेळेवर घेतल्यास अपंगत्व टळते. उपचारातील क्लोफाझिमिन या औषधाने त्वचा काळपट होते. औषध संपल्यावर हा रंग हळूहळू उतरतो, त्यामुळे गोळ्या मध्येच सोडू नका.
- गाजरगवताची ॲलर्जी: चेहरा, मान आणि हातांवर खाजरे पुरळ येते. पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागाही सुजली असेल तर केवळ उन्हापेक्षा गवताची शक्यता जास्त असते.
- वांग: गालांवर आणि कपाळावर तपकिरी डाग पडतात. गरोदरपणात ते वाढतात. त्यावर दुकानातून स्टेरॉइडची क्रीम आणून लावू नका. आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि उन्हात आग होते.
- ल्युपस: उन्हाने वाढणारे गालांवरचे पुरळ आणि सोबत सांधेदुखी, ताप किंवा तोंडात फोड असतील तर रक्ततपासणी लागते.

कोणी जास्त जपावे?

जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींनी (अल्बिनिझम) रोज पूर्ण संरक्षण घ्यावे. त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. कोड असलेल्यांचे पांढरे डाग लवकर भाजतात. डॉक्सीसायक्लिन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड अशा काही औषधांनी त्वचा उन्हाला नाजूक होते. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सिकलसेल असलेल्यांनी उन्हात पाण्याची कमतरता होऊ देऊ नये, त्यामुळे वेदनेचा झटका येऊ शकतो.

त्वचा भाजली तर

सावलीत या आणि साध्या गार पाण्याची ओली पट्टी ठेवा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड फोडू नका. भरपूर पाणी प्या. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते. साल निघेपर्यंत तो भाग झाकून ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- मोठे फोड, पू किंवा ताप असेल तर
- महिनाभरात न भरणारी जखम, किंवा वाढणारी गाठ असेल तर
- तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, किंवा त्यातून रक्त येत असेल तर
- चट्ट्यावर बधिरपणा असेल तर

उन्हात असलेली व्यक्ती बरळू लागली, बेशुद्ध झाली किंवा तिचे अंग फार तापले, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ वर फोन करा. गाडी येईपर्यंत तिला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका आणि वारा घाला. शुद्धीत नसलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नका.